पंप जाईपर्यंत

आष्ट्यात गोमटेश मगदूमची तांबडी गाडी माहीत नाही असा माणूस सापडायचा नाही. ठिबकच्या पायपा विकणाऱ्या माणसाला ही असली गाडी कशाला, हा प्रश्न गावानं वीस वर्षांपूर्वी विचारून घेतला, उत्तर मिळालं नाही, म्हणून सोडून दिला. दोन हजार तीन सालची, सोळाशे सीसीची, इंजेक्शनवाली, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी पंपानं दाबून पेट्रोल फवारणारी. त्या काळात ती एकदा रस्त्याला लागली की पेठ नाक्यापर्यंत कुणाच्या बापाला सापडत नव्हती. कंपनीनं ती कधीच बंद केली, सुटे भाग मिळायचे थांबले, गोमटेशचे केस पांढरे झाले, तरी गाडी दुकानामागच्या गोदामात पायपांच्या भेंडोळ्यांशेजारी उभीच. रविवारी पुसायची, चालू करायची, बाजारापर्यंत फिरवून आणायची आणि परत उभी करायची. एवढंच तिचं आयुष्य राहिलं होतं.

आणि यंदा श्रावणात ती बसली. एकदम नाही. आधी टाकीतून घूं घूं आवाज यायला लागला, मग साध्या चढाला ती दम खायला लागली, आणि एका रविवारी भर बाजारात बंद पडली ती पडलीच. चार पोरांनी ढकलत गोदामात आणली. खाली पेट्रोलचा थेंब थेंब, आणि वास तर असा की शेजारच्या किराणा दुकानदारानं अगरबत्ती लावायची बंद केली.

सांगलीहून नानासो मिस्त्री आला. इंजेक्शनच्या गाड्यांत या भागात त्याचा हात धरणारा कुणी नाही. गाडीखाली आडवा होऊन त्यानं बॅटरी मारली आणि तिथूनच सांगायला सुरुवात केली. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल येतं आणि जुन्या रबराला ते सोसत नाही. पायपा फुगून तडकल्यात, टाकीतला पंप अखेरच्या घटका मोजतोय, इंजेक्टर तुंबलेत. मलमपट्टी करून भागायचं नाही, टाकीपासून इंजिनापर्यंत पेट्रोलची सगळी वाट नवी घालायला लागेल. इथेनॉल कुठनं येतं हे गोमटेशला कुणी सांगायची गरज नव्हती, त्याचा स्वतःचाच तीन एकर ऊस दरसाल कारखान्याला जातो. आपल्याच उसानं आपल्याच गाडीचा गळा धरला म्हटल्यावर त्याला हसावं का रडावं कळेना.

कीर्ती, म्हणजे त्याची बायको, म्हणाली की द्या आता भंगारात, गोदामात पायपांना जागा होईल. तिचं म्हणणं वावगं नव्हतं. गोमटेशनं मात्र नानासोला हळूच सांगितलं, पाहिजे ते सामान मागव.

आता खरं सांगायचं तर त्या पत्र्याचा त्याला एवढा लळा नव्हता. लोकांना तसं वाटायचं, आणि त्यानंही वाटू दिलं. गोमटेशला पाहिजे होता राजाराम. एकोणीस वर्षं त्याला राजाराम पाहिजे होता, आणि ते सांगायला तोंड नव्हतं. गाडी विकली असती तर राजारामच्या हाताचं शेवटचं काही घरातून गेलं असतं, म्हणून ती उभी होती.

राजाराम बनसोडेचं गॅरेज आष्ट्याच्या एसटी स्टँडमागं होतं. बाप कोयनेच्या प्रकल्पावर फिटर होता, त्यामुळं नटबोल्ट त्याच्या रक्तातच. कार्ब्युरेटरच्या जमान्यात इंजेक्शनच्या गाडीला हात लावायला भले भले मिस्त्री घाबरत, तेव्हा हा गडी पुण्याहून जुनी पुस्तकं आणून शब्द शब्द लावत शिकला होता. गोमटेशनं गाडी घेतली आणि दोघांची जी गट्टी जमली ती अशी की दुकान बंद केल्यावर गोमटेश घरी न जाता गॅरेजवर. एकानं पळवायची, दुसऱ्यानं पळण्याजोगी करायची. घाटात गाड्या पळवायच्या स्पर्धा तेव्हा साताऱ्याकडं भरायच्या, त्यांत या दोघांनी दोनदा दुसरा नंबर काढला होता.

राजारामची आई पारूबाई रोज चार वाजता गॅरेजवर दोन डबे पाठवायची. एक राजारामचा. दुसरा, छोटा, गोमटेशचा. जैन मगदूमांच्या घरात दिवस मावळल्यावर कुणी जेवत नाही, आणि कांदालसूणही वर्ज्य, हे तिला कुणी सांगितलं देव जाणे. पण त्या डब्यात शेंगदाण्याची चटणी असायची ती बिनलसणाची, आणि डबा यायचा तो उन्हं असताना. चुकून दुसऱ्या कशाला वापरला जाऊ नये म्हणून त्या माउलीनं भांड्याच्या दुकानात जाऊन त्यावर नाव घालून घेतलं होतं. लग्नात आहेराच्या भांड्यांवर घालतात तसं, ठिपक्याठिपक्यांनी, 'गोमटेश'. घरच्या पोरांच्या नावाचंसुद्धा भांडं नव्हतं तिच्याकडं. गोमटेश तेव्हा हसला होता आणि चटणी पुसून पुसून खाल्ली होती.

मग ती स्पर्धा आली. कोयनेच्या वाटेवरचा घाट, पावसाळ्यानंतरचे दिवस. पहिल्या फेरीला यांची गाडी सगळ्यांत पुढं. राजारामनं एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली होती, टाकी अर्धी ठेव. डाव्या वळणाला पेट्रोल टाकीच्या उजव्या अंगाला पळतं, पंप डावीकडं आहे, पेट्रोल कमी असलं तर तो कोरडा पडतो. पंपाभोवती एक डबा बसवू, इंजिनाकडनं परत येणारं पेट्रोल त्या डब्यात पडेल, पंप कायम बुडालेला राहील, असंही त्याचं महिनाभर चालू होतं. गोमटेशनं ते हसण्यावारी नेलं. गाडीच्या टाकीत डबा बसवायला ही काय शाळेला चाललीय, असं म्हणाला. आणि शेवटच्या फेरीआधी, राजाराम चहाला गेला असताना, वजन कमी व्हावं म्हणून त्यानं नळीनं पेट्रोल काढलं. पाचसहा लिटर ठेवलं. कुणाला बोलला नाही.

पाचव्या डाव्या वळणाला इंजिन गपकन बसलं. दोन सेकंद, जास्तीत जास्त तीन. पण पहिला नंबर गेला.

खाली आल्यावर दोनशे माणसं जमलेली. गोमटेशच्या डोक्यात राख गेली होती, आणि पोटात भीती होती की नळीचं कुणाला कळलं तर शोभा होईल. राजाराम धावत आला आणि काय झालं म्हणून विचारायच्या आत गोमटेश सगळ्यांसमोर म्हणाला, "तुमा लोकांना कुठलं यायचं हे इंजेक्शनचं काम."

नंतर तो स्वतःची समजूत घालत राहिला की आपण मिस्त्री लोकांना म्हणालो, जातीवरून नाही. पण आपण काय म्हणालो ते त्याला ठाऊक होतं, राजारामला ठाऊक होतं, आणि तिथं उभ्या असलेल्या दोनशेंना ठाऊक होतं. राजारामनं हातातलं फडकं घडी करून खिशात ठेवलं.

आठ दिवसांनी त्यानं दुसऱ्याकरवी निरोप धाडला, घेतलेलं काम पुरं करून देतो, एक दिवस गाडी पाठव. गोमटेशनं पाठवली. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी दुकानासमोर धुऊनपुसून उभी, किल्ली शटरच्या फटीतून आत टाकलेली. त्याच आठवड्यात गॅरेजला कुलूप लागलं आणि राजाराम आईला घेऊन कोयनानगरला गेला, बहीण माया तिकडं होती तिच्याकडं. गोमटेशनं परत कधी स्पर्धेचं नाव काढलं नाही. कुणाबरोबर जाणार?

या एकोणीस वर्षांत त्यानं काय केलं नाही विचारा. फोन नंबर मिळवला, लावला नाही. पाच वर्षांपूर्वी पारूबाई वारल्याचं आठ दिवसांनी कळलं तेव्हा भेटायला म्हणून निघाला, पाटणपर्यंत गेला, तिथं एक चहा घेतला आणि माघारी वळला. आणि दर भाद्रपदात पर्युषण संपल्यावर क्षमावणीचा दिवस येतो. वर्षभरात कळत नकळत दुखावलं असेल त्याची माफी मागायची, घरोघरी जायचं, फोन करायचे, हात जोडायचे. गोमटेश पार दूधवाल्यापासून ते भांडणाऱ्या गिऱ्हाइकापर्यंत सगळ्यांना क्षमा मागायचा. संध्याकाळी कीर्ती विचारायची, झालं का सगळ्यांना सांगून? तो म्हणायचा, झालं. हे खोटंही त्याच दिवशी बोलायचा, काय म्हणावं या माणसाला.

यंदा सामान आलं ते नेमकं पर्युषणात. नवा पंप, इथेनॉल सोसणाऱ्या पायपा, फिल्टर, रबराच्या कड्या, प्रेशर ठरवणारा रेग्युलेटर. इंजेक्टर नानासोनं सांगलीला नेऊन मशिनवर धुऊन आणले होते, आणि चारीही कसे एकसारखा फवारा मारतात ते मोबाइलवर दाखवत होता. गोमटेशला त्यात ठिबकचे ड्रीपर दिसत होते. चोंदलं की पीक वाळतं, हे त्याला कळत होतं.

मागचं सीट काढलं. त्याखालचं झाकण खोललं. पंपाची मोठी चकती ठोकून ठोकून सैल केली आणि नानासो पंप वर ओढायला लागला. येईना. तिरका केला, फिरवला, परत ओढला, आणि मग एकदम हसला.

"मालक, ह्यो पंप गाडीबरोबर आल्याला न्हाई," तो म्हणाला. "मोठ्या गाडीचा हाय, लय दणकट. आणि हे बघा, कुणीतरी भोवतीनं डबा बसवलाय. जेवायचा डबा!"

पेट्रोल निथळत डबा वर आला. स्टीलचा, छोटा. तळाशी बारीक भोकं पाडलेली, वरच्या कडेला परतीच्या पेट्रोलची नळी वाकवून आत सोडलेली, बाजूला दोन पट्ट्या अशा सफाईनं जोडलेल्या की जोड बोटाला लागत नव्हता. नानासो त्या जोडाकडं बघत होता, बघता बघता कौतुकानं मान हलवत होता. त्यानं फडक्यानं डबा पुसला आणि ठिपक्यांची अक्षरं वर आली.

"तुमचंच नाव हाय की वं."

गोमटेश तिथंच पायपांच्या भेंडोळ्यावर बसला. डबा हातात घेतला. पेट्रोलच्या वासात चटणीचा वास येणं शक्यच नव्हतं, पण त्याला आला. माणूस निघून जाताना दार आपटतो, शिव्या घालतो, गावभर बदनामी करतो. यानं काय केलं, तर ज्या कामावरून अपमान झाला तेच काम पुरं केलं, आईच्या हातचा डबा त्यात घातला, आणि वरून झाकण लावून निघून गेला. आणि आपण दर रविवारी त्यावर बसून बाजारात फिरत होतो. गोमटेशच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, त्यानं ते पुसलंही नाही. नानासो शहाणा माणूस, तो उठून बाहेर गेला आणि बराच वेळ फोनवर असल्याचं सोंग करत राहिला.

परत आल्यावर त्यानं सुचवलं की आता तयार भांडं मिळतं, प्लास्टिकचं, टाकीत बसवायचं, हा डबा काढून टाकू. गोमटेशनं नको म्हटलं. नवा पंप याच डब्यात बसव. स्टील होतं, इथेनॉलनं त्याला काही केलेलं नव्हतं.

दोन दिवसांत सगळं जोडून झालं. किल्ली फिरवली, टाकीत बारीकसा आवाज झाला, काटा साडेतीन बारवर जाऊन ठाम उभा राहिला आणि इंजिन पहिल्या झटक्यात लागलं.

क्षमावणीच्या दिवशी सकाळी देवळातून आल्यावर गोमटेशनं किल्ली घेतली. कीर्तीनं कुठं निघालात म्हणून विचारलं नाही. दाराशी येऊन एवढंच म्हणाली, "दरवर्षी एकाला सोडून सगळ्यांना सांगता, कळतं मला."

किल्ली खिशात घालून तो आधी दुकानात गेला, आणि दुपारी गर्दी सरल्यावर निघाला. इस्लामपूर, कराड, मग कोयनेच्या कडेकडेनं पाटण. तिथल्या त्याच हॉटेलात त्यानं चहा घेतला नाही. पेट्रोल पंपही दिसला, थांबला नाही. काटा तांबड्या रेघेला टेकला होता, टाकीत पाचसहा लिटर असेल नसेल. मुद्दामच तेवढं ठेवलं होतं. मूर्खपणा म्हणा हवं तर. वाटेत बंद पडली असती तर पावसाच्या रिपरिपीत छत्री घेऊन उभं राहायची पाळी होती.

पाटण सोडल्यावर वळणं सुरू झाली. पहिलं डावं वळण त्यानं दबकत घेतलं. इंजिन जराही अडखळलं नाही. दुसरं जरा जोरात. तिसऱ्याला त्यानं पाय दाबला, पन्नाशी ओलांडलेल्या माणसानं दाबू नये इतका, आणि गाडी तोंडानं हूं की चूं न करता वर निघाली. पाचव्याला त्यानं श्वास धरला होता. वळण सरलं, इंजिन तसंच गात होतं, आणि गोमटेश गाडीत एकटाच मोठ्यांदा म्हणाला, राजा, बरोबर होतास रं तू. ऐकायला कुणी नव्हतं म्हणून ते एवढं सोपं गेलं.

कोयनानगरच्या स्टँडजवळ विचारलं तर एका पोरीनं हात करून दाखवलं. पत्र्याची शेड, पुढं दोन जीप. त्यानं गाडी लावली, पण इंजिन बंद करायचं सुचलं नाही. शेडमधून एक माणूस हात पुसत बाहेर आला. वाळलेला, चष्मा लागलेला, डोक्यावर केस राहिले नव्हते. त्यानं गोमटेशकडं पाहिलंच नाही. मान जरा तिरकी करून तो इंजिन ऐकत उभा राहिला. हे मान तिरकी करणं बघितलं आणि गोमटेशचं सगळं अवसान गळालं. वाटेत घोकून ठेवलेली वाक्यं कुठल्या कुठं गेली.

"राजा, चुकलो मी," तो म्हणाला. "पेट्रोल मी काढलं हुतं. तुझी काय बी चूक नव्हती. आणि जे बोललो, ते तर माणसानं बोलू न्हाई असं बोललो. माफ कर मला."

राजारामनं वाकून खिडकीतून हात घातला आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं सगळं.

पेट्रोलचं त्याला त्याच दिवशी कळलं होतं. नळीला ओल होती. पण ते त्यानं फार थोडक्यात सांगितलं, जणू ती गोष्ट आता दुय्यम होती. त्याला दुसरंच काही विचारायचं होतं.

"टाकी कवा उघडलीस?"

"आता, आठ दिस झालं. पंप गेला."

"एकुणीस वर्षं चालला व्हय त्यो?"

गोमटेशनं मान हलवली. राजाराम शेडच्या पुढच्या दगडावर खाली बसला. चष्मा काढून त्यानं फडक्यानं पुसला, आणि पुसतच राहिला.

"मला वाटलं, दोन वर्षांत जाईल," तो म्हणाला. "लय तर चार. पंप गेला की टाकी उघडशील, डबा बघशील, आणि येशील. आईला तसंच सांगितलं हुतं. डबा तिनंच दिला. म्हणाली, त्येच्या नावाचा हाय, त्येलाच जाऊ दे. मग दर दिवाळीला इचारायची, आजून त्येचा पंप जाईना व्हय रं? पार शेवटच्या दिवाळीलाबी इचारलं. तुझ्या गाडीला कशाला हलका माल घालायचा म्हणून लय चांगला पंप घातला गड्या. तितंच चुकलो."

गोमटेश गाडीतून उतरला. तो राजारामशेजारी त्याच दगडावर टेकला. पारूबाई पाच दिवाळ्यांपूर्वीपर्यंत वाट बघत होती, आणि आपण पाटणला चहा पिऊन परत फिरलो, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत होतं. तो लहान पोरासारखा रडला. राजारामनं त्याला रडू दिलं, स्वतःही डोळे पुसले.

थोड्या वेळानं राजाराम उठला. गाडीचं मागचं दार उघडून त्यानं सीटवर हात ठेवला, जिथं खाली टाकी असते तिथं. डबा काढला नाहीस ना, असं त्यानं विचारलं. गोमटेश म्हणाला, त्यातच बसवलाय नवा पंप. राजारामनं कोणता, किती प्रेशर, परतीची नळी कुठं सोडली, सगळं खोदून खोदून विचारलं, आणि नानासोनं लावलेल्या एका क्लिपला नावंही ठेवली.

मग त्यानं डोंगराकडं पाहिलं. ढग जरा फाटले होते आणि सूर्य कड्याच्या वर हातभर राहिला होता. शेडमागच्या घराकडं तोंड करून त्यानं बहिणीला, मायाला, हाक मारली आणि सांगितलं, गोमटेश आलाय, भाकरी टाक, चटणी बिनलसणाची कर.

"आणि बिगी बिगी कर," तो म्हणाला. "दिस मावळायच्या आत जेवतोय त्यो."